माघातली मरळ

थंडी ओसरायला लागली की कोल्हापूरच्या आसपास ते आधी झाडांना कळतं. पांगारा पानं टाकून लालबुंद होतो, काटेसावरीखाली मांसल फुलांचा सडा पडतो. गुऱ्हाळांची धुराडी अजून चालू असतात, पण दुपारी रस्त्यावर सावली शोधावीशी वाटते. पाण्याला हे सगळं फार उशिरा कळतं. हवा एका दिवसात तापते, तळं तापायला आठवडा जातो. मरळ पाण्यात राहते, त्यामुळे तिचं पंचांगही पाण्याचंच असतं. गळ टाकणारे बहुतेक जण मात्र हवेकडं बघून घराबाहेर पडतात आणि तिथंच पहिली चूक होते.

दुसरी चूक पहाटेची. मासे धरायचे तर तांबडं फुटायच्या आत काठावर पोहोचायचं, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं आहे. वैशाखात ते खरंच आहे. माघात ती वेळ सगळ्यांत वाईट. रात्रभर उघड्या आभाळाखाली वरचं पाणी निवत जातं आणि उगवतीला उथळ काठ तळ्यातला सर्वांत थंड भाग होऊन बसतो. मरळ तेव्हा केंदाळाखाली, म्हणजे जलपर्णीखाली, किंवा थोड्या खोल पाण्यात सुस्त पडलेली असते. श्वासापुरती वर येते, पण भक्ष्यामागे धावत नाही. तिच्यासमोरून दहा वेळा काही ओढत नेलं तरी ती ढिम्म हलत नाही आणि काठावरचा माणूस समजतो की तळ्यात मासाच उरलेला नाही. फेब्रुवारीत काठावर जायची वेळ सकाळी दहाच्या पुढची, आणि त्याहून चांगली दुपारी साडेतीन ते सूर्यास्त. दिवसभराचं ऊन तोवर उथळ पाण्यात साठलेलं असतं.

मरळ या नावाखाली आपल्याकडं दोन मासे येतात. एकाच्या अंगावर तिरके गडद पट्टे असतात. दुसरा जास्त मोठा होतो आणि त्याच्या शेपटीच्या मुळाशी डोळ्यासारखा ठिपका असतो, तो लहानपणी जास्त ठळक दिसतो. डोकं दोघांचंही सापासारखं चपटं, जबडा हाडाचा, दात बारीक पण धारदार. दोघांनाही नुसत्या कल्ल्यांवर भागत नाही. कल्ल्यांच्या वर हवा घेण्याची वेगळी पोकळी असते आणि थोड्या थोड्या वेळानं मरळीला पाण्याबाहेर तोंड काढून हवा घ्यावीच लागते. गळवाल्याला मिळालेली ही सगळ्यांत मोठी खूण आहे. चिलापी (तिलापिया मासा) वर आली तर बारीक चुटका मारून जाते. मरळीचा श्वास जाड असतो. पाणी आतून ढकलल्यासारखं फुगतं, मग घोट घेतल्यासारखा आवाज येतो आणि मागे दोन-चार बुडबुडे राहतात. काठावर पोहोचल्यावर पहिली वीस मिनिटं काठी हातात घेऊच नये असं माझं ठाम मत आहे. नुसतं बसावं, कुठं श्वास फुटतो ते मोजावं. एकाच कोपऱ्यात तीनदा फुटला तर तो कोपरा आपला.

तरीही श्वास घेऊन गेलेली मरळ भुकेलीच असेल असं नाही. नेमकं वर्तुळातच काही आदळलं तर ती दचकून खाली जाते. वर्तुळाच्या दोन-तीन मीटर पलीकडं टाकावं आणि तिच्या वाटेवरून हळू आणावं.

आता उबेचा हिशेब. शाळेच्या प्रयोगशाळेत असते तसली काचेची तापमापी दोरीला बांधून खिशात ठेवली तर सगळ्या महागड्या सामानापेक्षा ती जास्त कामाची. काठाजवळ वीतभर खोलीवर एकदा मोजायचं, मग दोन मीटर खोल सोडून एकदा. खालचं मोजताना तापमापी तोंड बांधलेल्या छोट्या बाटलीत ठेवावी, बाटली पाण्यानं भरून घ्यावी आणि पाच मिनिटं तशीच राहू द्यावी. नाहीतर वर ओढेपर्यंत आकडा बदलतो. माझा ठोकताळा असा: उथळ पाणी २२ अंशांच्या आत असेल तर फार आशा धरू नये, २४-२५ ओलांडलं की मरळ काठाला लागते, २७-२८ ला ती अंगावर येते. सकाळ आणि दुपार यांच्यात काठाचं पाणी तीन-चार अंशांनी चढत असेल तर त्या दिवशी दुपार सोडू नये. एका कडक दुपारीपेक्षा लागोपाठच्या तीन उबदार रात्री जास्त मोलाच्या असतात, कारण दिवसा मिळवलेलं रात्री गेलं नाही तरच पाणी पुढं सरकतं. गोधडी पायाखाली ढकलायला लागलो की तळ्याकडं निघायला हरकत नाही.

सगळी तळी एका वेळी जागी होत नाहीत. गावाबाहेरचं दीड मीटर खोलीचं, म्हशी डुंबणारं तळं आधी तापतं. कळंब्यासारखा तलाव त्यानंतर. राधानगरीचं धरण सगळ्यांच्या मागून, कारण तिथं तापवायला पाणीच अफाट आहे. माघ गावतळ्यांचा, फाल्गुन तलावांचा आणि चैत्र धरणाच्या फुगवट्याचा, असा क्रम धरला तर सहसा फसगत होत नाही.

एका तळ्यातही चार काठ चार तऱ्हेचे असतात. कोल्हापूर साधारण १६.७ अक्षांशावर आहे. सूर्य इथं डोक्यावर येतो तो मे महिन्याच्या सुरुवातीला. माघात तो दक्षिणेकडं कललेला असतो आणि दुपारचं ऊनही तिरपं पडतं. दक्षिणेच्या काठावर आंबा, करंज, बाभळ असेल तर तिची सावली पाण्यावरच पडते. उत्तरेचा काठ दिवसभर उन्हाकडं तोंड करून असतो आणि बहुतेक वेळा तोच आधी तापतो. त्यात दगडी पिचिंग, म्हणजे काठाच्या उतारावर बसवलेले दगड, असतील तर आणखी चांगलं. आपला काळा बेसाल्ट ऊन पितो आणि संध्याकाळी उशिरापर्यंत ऊब सोडत राहतो. पिचिंगवर हात ठेवून बघावा. दगड कोमट लागला तर त्याच्या पायथ्याचं पाणीही थोडं उबदारच असतं. वाऱ्याचं गणित याच्या जोडीला धरायचं. दुपारनंतर घाटाकडून, म्हणजे पश्चिमेकडून वारा सुटला की वरचं तापलेलं पाणी सरकत पूर्वेच्या काठाला जमतं. तासभर असा वारा राहिला की पूर्वेचा कोपरा बघावा. तोंडावर वारा येतो म्हणून लोक नेमका तो काठ टाळतात.

खणींचं वेगळं आहे. कोल्हापूरच्या आसपास दगडासाठी खोदलेल्या आणि पाण्यानं भरलेल्या खणी बऱ्याच आहेत. त्यांच्या भिंती सरळ खाली उतरतात, उथळ काठ नसतोच, त्यामुळे खण उशिरा तापते. पण दगड वर आणायला गाड्या जिथून खाली उतरायच्या ती उतरण अजून पाण्याखाली असते. अख्ख्या खणीत तेवढीच एक उथळ जागा. माघात सगळी खण सोडून त्या उतरणीवर संध्याकाळ काढावी. खणीच्या कडेला एकट्यानं मात्र कधीही जाऊ नये. शेवाळावरून पाय सरकला तर धरायला काही नसतं आणि पोहता येणारा माणूसही भिंतीला चाचपडत दमून जातो.

शेततळी तर गळासाठी सोडूनच द्यावीत. ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना २०१६ मध्ये आली आणि ३० बाय ३० मीटरची, तीन मीटर खोल तळी शिवारात दिसू लागली. त्यांतल्या पुष्कळांना आत प्लास्टिकचं अस्तर असतं. एक गरी त्यात रुतली की शेतकऱ्याचं सगळं पाणी मुरून जातं, आणि त्या ओल्या अस्तरावरून घसरलेला माणूस वर चढू शकत नाही.

सामानाबद्दल फार लिहावंसं वाटत नाही, कारण सामानावर लोक नको इतकं बोलतात. सात फुटांची जरा कडक काठी, मध्यम आकाराचं रीळ, ३० ते ४० पौंडांची विणलेली दोरी. साधा नायलॉनचा तंगूस ताणला की लांबतो. केंदाळातून मरळ बाहेर काढताना नेमका तोच ताण आपल्याविरुद्ध जातो, झटका मारला तरी गरी जबड्यात शिरत नाही. विणलेली दोरी ताणत नाही आणि केंदाळाचे देठ कापत येते. ती गुळगुळीत असल्यामुळे तंगूसाची नेहमीची गाठ तिच्यावर घसरते, म्हणून पालोमर गाठ घालावी: दोरी दुहेरी करून गरीच्या डोळ्यातून काढायची, सैल साधी गाठ मारायची, तयार झालेल्या फासातून अख्खी गरी बाहेर घ्यायची, थुंकीनं ओलं करायचं आणि मग आवळायचं. कोरडी आवळलेली गाठ घर्षणानं तापून तिथंच कच्ची होते. काठी कार्बनची असेल तर वर बघायला विसरू नये. कार्बनमधून वीज वाहते आणि आपल्याकडं शेतीपंपांच्या तारा तळ्याकाठी किती खाली लोंबतात हे सगळ्यांना माहीत आहे. काठावरून पाण्यात गेलेल्या मोटारीच्या वायरींपासूनही लांबच उभं राहावं.

आमिष म्हणजे पोकळ रबरी बेडूक. तो मूळचा अमेरिकेतल्या बास माशासाठी घडवलेला. लार्जमाउथ बास हा उत्तर अमेरिकेतला मासा, पण त्याचं वागणं मरळीच्या इतकं जवळचं की बेडूक इथं आल्याबरोबर रुळला. बासही वेलीझुडपांत दबा धरून बसतो, वसंतात पाणी तापलं की उथळात येतो, नर घरट्याची आणि पिल्लांची राखण करतो. म्हणून तिकडच्या लोकांनी लहान तळ्यांबद्दल शिकून ठेवलेलं पुष्कळसं आपल्याला जसंच्या तसं कामाला येतं: लहान तळं आधी, उथळ काठ आधी, थंड पाण्यात संथ हालचाल. फरक अंशांचा. त्यांचा बास १५-१६ अंशांच्या पाण्यात विणीच्या तयारीला लागतो, आपली मरळ तेवढ्या थंडीत हलणारही नाही.

मग तो मासाच इकडं का सोडू नये, असं काही हौशी लोक विचारतात. याचं उत्तर जपाननं देऊन ठेवलंय. तिथं १९२५ मध्ये बास आणून सोडला. तो इतका पसरला की २००५ मध्ये घातक परदेशी जीवांच्या कायद्याखाली त्याची पैदास, वाहतूक आणि पाण्यात सोडणं बंद करावं लागलं. याच माशाचा १९३२ चा अमेरिकेतला जागतिक विक्रम, दहा किलोंच्या थोडा वर, २००९ मध्ये जपानच्या बिवा सरोवरात गाठला गेला. परक्या पाण्यात तो किती माजला हे त्यावरून कळतं. आपल्याकडं १९५२ मध्ये देशात आलेल्या चिलापीनं काय केलं ते कोणत्याही गावतळ्यात जाळं टाकलं की दिसतं. सह्याद्रीच्या ओढ्यांत असे मासे आहेत जे जगात दुसरीकडं कुठंच नाहीत. तिकडचा बेडूक आणावा, मासा आणू नये.

जिवंत बेडूक गरीला लावायची जुनी रीत आता सोडायला हवी. बैलबेडकासारख्या जातींना १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, आणि भातशेतीत किडे खाणारा तो प्राणी एका माशासाठी टोचून मारणं कायदा नसता तरी पटण्यासारखं नाही.

रबरी बेडूक दहा ते पंधरा ग्रॅमचा घ्यावा. पाणी गढूळ असेल तर काळा, कारण मरळ त्याला खालून बघते आणि उजेडी आभाळावर काळी आकृती स्वच्छ उठून दिसते. स्वच्छ पाण्यात हिरवा किंवा मातकट. त्याच्या दोन्ही गऱ्या पाठीला चिकटून असतात, त्यामुळे तो केंदाळावरून न अडकता सरकतो. त्याच कारणानं मासा सुटतोही. मरळीनं जबडा मिटला, बेडकाचं पोट दबलं, तरच गऱ्या बाहेर येतात. नवा बेडूक आणला की दोन बोटांत दाबून बघावा. गऱ्या सहज उघड्या पडत नसतील तर पकडीनं त्यांची टोकं मिलिमीटरभर बाहेर वाकवावीत. त्याहून जास्त वाकवली तर प्रत्येक पान अडकेल. टोक नखावर टेकवून सरकवावं. ओरखडा न काढता घसरलं तर कानसेनं धार लावावी. मरळीच्या तोंडात मऊ जागा फारशी नाही आणि बोथट गरी हाडावरून निसटते. बेडकाच्या पोटात गऱ्यांच्या फटीतून पाणी शिरतं, चार-पाच फेकींनंतर तो मागून बुडायला लागतो. दर काही फेकींनी तो दाबून पाणी काढत राहावं. बुडका बेडूक मरळ घेत नाही असं नाही, पण तो पानांवरून उड्या मारत नाही, नुसता फरफटतो.

पहिली फेक तळ्याच्या मध्यात करू नये. दुपारी मरळ आपल्या पायापासून दीड-दोन मीटरवर असू शकते. काठापासून थोडं मागं, उकिडवं बसून, काठाला समांतर टाकावं. सूर्य पाठीशी असेल तर आपली सावली पाण्यावर पडते, बाजूला सरकावं. चिखलावर पाय आपटत चाललं की हादरा पाण्यात पोहोचतो, त्यामुळे तिथं चप्पल काढून चाललेलं बरं, फक्त काचा आणि जुन्या गऱ्या बघून.

केंदाळ पूर्ण भरलेलं असेल तर त्यातली घमेल्याएवढी मोकळी पाण्याची भोकं शोधावीत. बेडूक भोकाच्या पलीकडं पानांवर टाकायचा, ओढत कडेला आणायचा आणि भोकात पडू द्यायचा. मग थांबायचं. पाण्यावरची वर्तुळं विरेपर्यंत काठी हलवायची नाही. माघात हे थांबणं दहा सेकंदांचंसुद्धा चालतं. फाल्गुनाच्या शेवटी पाणी तापलं की दोन-तीन सेकंद पुरतात. हालचाल वीतभर उडी, थांबा, परत वीतभर. मरळ कधी एकदम फुटते, तर कधी बेडकामागून पाण्यावर बाणाच्या टोकासारखी रेघ ओढत येते. ती रेघ दिसली की हाताचा वेग बदलायचा नाही. थांबवला तर ती बुजते, पळवला तर वळते.

आणि मग तो आवाज, बादली पालथी केल्यासारखा. याच क्षणी दहातले सहा-सात मासे जातात, कारण डोळ्यानं पाहिल्याबरोबर हात उडतो. बेडूक अजून तिच्या ओठात असतो, जबडा मिटलेला नसतो. काठी खाली करून दोरीतला ढील घ्यावा, मनात ‘एक... दोन’ म्हणावं, दोरीवर वजन आलं की मगच काठी खांद्याकडं जोरात उचलावी. हुकली तर बेडूक लगेच परत ओढू नये, तिथंच ठेवावा. चिडलेली मरळ पुष्कळदा पुन्हा येते.

लागल्यावर ती सरळ केंदाळात डोकं घालते. रिळाचा ब्रेक तीन-चार किलोंच्या ओढीवर ठेवावा आणि पहिल्या पाच सेकंदांत तिचं डोकं वर काढावं. झटके देऊ नयेत, एकसंध ओढ ठेवावी. मुळांत गुंतलीच तर दोरी ताठ ठेवून जागा बदलावी आणि दुसऱ्या कोनातून काढावी. पिचिंगवरून दोरीला लटकवून वर उचलणं ही शेवटची चूक, कारण तिथं ती एकदाच अंग पिळते आणि सुटते. हातजाळं हवं. बोट तोंडात घालू नये, गरी पकडीनंच काढावी. सोडायची असेल तर हात ओले करून धरावी, नाहीतर अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तिथं बुरशी धरते. ती हवेत बराच वेळ जिवंत राहते म्हणून तापलेल्या दगडावर टाकून फोटो काढत बसणाऱ्यांची चीड येते. जिवंत राहणं म्हणजे बरं असणं नव्हे.

तळं कोणाचं हे मात्र आधी विचारायचं. बहुतेक तलाव मच्छीमार सोसायटीच्या ठेक्यात असतात, गावतळी ग्रामपंचायतीकडं. ठेकेदारानं पैसे भरून बीज सोडलेलं असतं. काठावर म्हसरं धुणाऱ्या एखाद्याला “मामा, हितं गळ टाकला तर चालंल काय?” एवढं विचारलं तरी पुढचा पत्ता मिळतो, आणि पुष्कळदा मरळ कुठं फुटते तेही. रंकाळ्याकडं मी फक्त बघायला जावं असं म्हणेन. संध्यामठाच्या बाजूचं पाणी कसं उतरतं, वारा हिरवा थर कोणत्या काठाला लोटतो हे तिथं फिरता फिरता शिकता येतं. असा दाट हिरवा थर धरणाऱ्या कुठल्याही पाण्यातला मासा ताटात घेऊ नये.

नदीवरच्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांमागचं पाणी याच दिवसांत बरग्यांनी, म्हणजे दारांत बसवलेल्या फळ्यांनी, अडवलेलं, संथ असतं, आणि ते तळ्यासारखंच वाचता येतं. फक्त पातळीवर लक्ष ठेवावं. वरून आवर्तन, म्हणजे धरणाचं पाणी, सुटलं तर ती चढते, शिवारातल्या मोटारी एकदम सुरू झाल्या तर एका दिवसात हातभर उतरते. उतरत्या पाण्यात मरळ उथळ काठ सोडते. काठाच्या चिखलाची ओली पट्टी कालच्यापेक्षा रुंद दिसली तर बेडूक आणखी आत, नव्या कडेला टाकावा. उपसाबंदी लागली की पातळी स्थिरावते आणि तिसऱ्या दिवसापासून मरळ परत काठाला येते.

पाडव्याच्या सुमारास सगळं उलटं होतं. दुपारचं पाणी नको इतकं तापतं, मरळ सावलीला जाते आणि पहाट परत हाताशी येते. त्यानंतर डोळे आणखी एका गोष्टीसाठी उघडे ठेवावे लागतात. मरळीची मुख्य वीण पावसाच्या तोंडावर आणि पावसाळ्यात होते, पण बारमाही पाण्यात त्याआधीही पिल्लं दिसू शकतात. पाण्यावर परातीएवढा लालसर झुबका थरथरत असतो, शेकडो पिल्लं एकदम श्वासाला वर येतात आणि एकदम खाली जातात. त्यांच्या खाली आईबाप असतातच. तिथं बेडूक टाकला तर मरळ हमखास धडकते, भुकेनं नव्हे, राखणीसाठी. ती उचलली तर चिलाप्या झुबका संध्याकाळपर्यंत संपवतात. झुबका दिसला की दोरी गुंडाळावी, आणि वाटलंच तर काठी बाजूला ठेवून बसावं. झुबका केंदाळाच्या कडेकडेनं सरकत राहतो, आणि मधूनच त्याच्या शेजारी तो जाड श्वास फुटतो.